तोडणें आणि फोडणें

लांकूड तोडणें आणि लांकूड फोडणें ह्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हें मराठी भाषेनें फार पूर्वीं ओळखलें आहे. झाड तोडावयाचें तें तंतूंवर आडवा घाव घालून. त्यास पातळ, धारदार पात्याची कुऱ्हाड हवी. ओंडका फोडावयाचा तो तंतूंच्या दिशेनें. तेथें धारेपेक्षां पाचरीसारख्या जाड पात्याचें वजन कामास येतें. पातें आंत शिरतें, त्याच्या उतरत्या बाजू लांकडास दोहींकडे रेटतात, आणि चीर आपोआप पुढें धांवते. गांठाळ ओंडक्यास मात्र लोखंडी पाचर व घण ह्यांवांचून गत्यंतर नाहीं. दांडा धामणीचा असल्यास उत्तम. तें लांकूड चिवट व लवचिक असल्यामुळें हातास हिसका कमी बसतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण अशाच दांड्यावरून पडली.

परंतु ठाणें जिल्ह्यांतील रानाची कथा एकट्या कुऱ्हाडीची नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली आणि रान शहराच्या जवळ आलें. घाटकोपर ह्याच मार्गावरचें. वस्ती वाढली तशा चुली वाढल्या, आणि चुलींबरोबर सरपणाच्या वखारी. गिऱ्हाइकानें मणांवर लांकूड घ्यावें, आणि तें चुलीजोगें फोडून देण्यास कुऱ्हाडवाला मजूर बोलवावा, असा परिपाठ असे.

ह्या जळणामागें एक कलहही धुमसत होता. १८७८ च्या जंगल कायद्यान्वयें राखीव रानें ठरलीं. वारली व कातकरी ह्यांच्या कोयत्यास बंधनें पडलीं. भातशेतींत राब भाजण्यासाठीं टहाळ तोडणाऱ्या कुणब्याचीही अडवणूक झाली. ओरड इतकी वाढली कीं, ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं सरकारास १८८५ सालीं चौकशीमंडळ नेमावें लागलें. रान राखणें जरूर होतें, ह्यांत संशय नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, त्या राखणीचा भार कोणी वाहावा?

१९५४ व १९५५ सालीं घाटकोपरपासून जवळच, तुर्भ्यास, तेलशुद्धीचे दोन कारखाने सुरू झाले. रॉकेलनें व पुढें गॅसनें चूल हळूहळू मागें सारली, आणि कुऱ्हाडवाल्याचा धंदाही ओसरला. सरपणाच्या भावांत वाहतूक धरली जाई, वखारवाल्याचा नफा धरला जाई, फोडणावळही निराळी मोजली जाई. ज्याच्या हातून रान गेलें, त्याची हानि मात्र वखारीच्या तराजूंत कधीं चढली नाहीं.