कोरड्या कापाचा कैवार

फरशीच्या कामात एक मत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही: दगड कोरडाच कापावा. पाणी मारलं की दगड डागाळतो, आखलेली रेघ पुसली जाते, मशीनमध्ये पाणी शिरलं तर शॉक बसतो, वर घरभर चिखल. धुळीचं काय म्हणाल, तर तोंडाला रुमाल बांधावा. पिढ्यान् पिढ्या पाथरवट दगड फोडत आले, त्यांना काय झालं? मिस्त्री हे बोलतो, ठेकेदार मान डोलावतो, आणि दोन व्हिडिओ पाहून स्वतःच चार इंची मशीन घेऊन आलेला घरमालकही तेच धरून चालतो. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ असता तर त्याच्यावर शाई खर्च करायचं कारण नव्हतं.

त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा पाथरवटांचा, तेव्हा आधी तोच घेऊ. महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. जाती, पाटे-वरवंटे, नदीकाठचे घाट, हेमाडपंती देवळं, सगळं त्याचंच. रासायनिक हिशेबाने या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका असते. पण ती फेल्डस्पार, पायरॉक्सीन अशा खनिजांत बांधलेली. फुफ्फुसाला मारक ठरते ती मोकळी, स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ. आणि बेसाल्टात ती फार थोडी सापडते. शिवाय काम उघड्यावर, छिन्नी-हातोड्याने. कपच्या उडायच्या, भुकटी त्या मानाने कमी. ती धूळ निरुपद्रवी होती असं मी म्हणत नाही, पण पाथरवटाच्या अनुभवाचा दाखला फार तर त्या दगडापुरता आणि त्या हत्यारापुरता चालेल.

आजच्या बाथरूममध्ये लागतं काय? ओट्याला आणि उंबऱ्याला ग्रॅनाइट, ज्यात साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ असतो. (बाजार ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि त्यात क्वार्ट्झ नगण्य, पण यावरून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.) भिंतीला हौसेने लावलेला वालुकाश्म तर बहुतांशी क्वार्ट्झच. शहाबादी, कोटा, तांदूर हे चुनखडक सौम्य खरे, पण त्यांतही बारीक सिलिकेचा अंश असतोच. आणि बेसिनखाली हल्ली जी ‘क्वार्ट्झ’ नावाची कारखान्यात बनवलेली लादी बसवतात, तिच्यात स्फटिक सिलिका ९० टक्क्यांच्या घरात जाते. ती कापणारे तरुण कामगार इतक्या झपाट्याने आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लादीचं उत्पादन, विक्री आणि बसवणं, सगळंच बंद केलं.

‘काय झालं त्यांना?’ या प्रश्नाचं उत्तर दप्तरी नोंदलेलं आहे. इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात दगड घडवणाऱ्यांच्या छातीचं दुखणं आहे. आपल्याकडे मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि खंभातला अकीक घासणारे कामगार सिलिकोसिसने गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिक सिलिकेची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. रोग बहुधा दहा-वीस वर्षांनी उघडा पडतो, म्हणून तो कुठल्याही एका कामाच्या खात्यावर मांडला जात नाही. तोवर मिस्त्री गावी परतलेला असतो.

आता रुमाल. डोळ्यांना दिसणारी धूळ त्याने अडते, हे मान्य. पण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारा कण एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. सुती कापडाच्या विणीतून तो सहज पार होतो आणि हवेत तासन्‌तास तरंगतो. काम संपल्यावर पंखा लावून ‘हवा मोकळी’ करणं म्हणजे तो घरभर वाटणं. एन-९५ मास्क बरा, पण दाढीवर तो नीट बसत नाही.

कोरड्या कापाला ‘सफाई’ असते, असंही सांगतात. चार इंची चकती मिनिटाला ११ हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने दगडाला भिडते. तिला धार नसते. धातूत बसवलेले हिऱ्याचे कण दगड खरवडून काढतात. कापाच्या फटीतला सगळा दगड भुकटी होऊन बाहेर पडतो. घर्षणाने कड तापते, कण झिजून गुळगुळीत होतात, मिस्त्री मग जोर लावतो आणि दगडाची कड कपचते. पाणी कड थंड ठेवतं, भुकटी वाहून नेतं, ब्लेड जास्त चालतं. विकत आणलेली लादी गँगसॉपासून पॉलिशपर्यंत पाण्याखालीच कापली-घासली गेलेली असते. पाण्याने सफाई बिघडली असती, तर कारखान्यांनी ते केव्हाच बंद केलं असतं.

डागांची भीती तर गमतीची आहे. ज्या दगडावर पुढची तीस वर्षं रोज बादल्या ओतायच्या, तो कापताना दोन मिनिटं भिजून बिघडेल म्हणे! लोहाचा अंश असलेला पांढरा मार्बल पिवळा पडतो आणि काही हिरवे मार्बल पाण्याने वाकतात, हे खरं. मग असा दगड बाथरूमला घ्यायचाच कशाला? बाकी दगडांवर डाग उरतात ते वाळलेल्या गाळाचे. तुकडा लगेच स्वच्छ पाण्याने धुतला की जातात. गाळ मात्र बादलीत भरून बाहेर टाकावा. न्हाणी ट्रॅपमध्ये गेला तर दगड होऊन बसतो, आणि जमिनीवर वाळला तर पुन्हा धूळच. रेघेसाठी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आखावं, नाहीतर खिळ्याने ओरखडा काढावा.

शॉकचा आक्षेप मात्र खरा आहे. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं हा जिवाशी खेळ आहे, आणि तसं करणारे बरेच दिसतात. त्यावर उपाय योग्य मशीन: पाण्याची नळी जोडता येणारा मार्बल कटर किंवा ट्रेमध्ये फिरणारा टेबल कटर, मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तेही जमत नसेल तर मापं घेऊन सरळ काप यार्डातच करून आणावेत.

घरी मग न्हाणी ट्रॅपचा चौकोन उरतो, आणि कोरडं कापणाऱ्याची घाई तिथेच उघडी पडते. दोन काप कोपऱ्यात थेट काटकोनात भेटवले की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि पुढे कधीतरी तिथून तडा निघतो. जाणता कारागीर आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने बारीक भोकं पाडतो आणि भोकापासून भोकापर्यंत कापतो. तेही लादी उलटी ठेवून. चकती गोल असल्याने काप शिरतो त्या बाजूला लांब जातो, दुसऱ्या बाजूला आखूड राहतो. मागून कापलं की जादा लांबी सिमेंटखाली दडते. याला वेळ लागतो, आणि मजुरी ठरलेली असते चौरस फुटावर.

कोरड्या कापाचं खरं समर्थन या मजुरीत आहे. डाग, रेघ, रुमाल हे मागाहून जोडलेले युक्तिवाद. म्हणून मिस्त्रीला दोष देणं मला पटत नाही. घासाघीस करून दर पाडणारा घरमालकच त्याच्या हातात कोरडी मशीन देतो. पुढच्या वेळी बोली ठरवताना ‘दगड पाण्यावर कापायचा, गाळ उचलून न्यायचा’ एवढी अट घाला आणि त्याचे जादा पैसे कुरकुर न करता मोजा.