निरोप्याचा बिल्ला

पाळीतून सुटी मिळाली की मी महाबळेश्वरच्या आसपासच्या वाड्यावस्त्या हिंडतो, पेन्शनर फौजींचे जुने बिल्ले जमवतो. सिग्नलवाल्यांचे जास्त. लोक विचारतात, या पितळेत काय ठेवलंय?

सांगतो. सिग्नल कोअर १९११ साली उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर मर्क्युरी आहे, रोमनांचा निरोप्या देव. पायाला पंख. ब्रीद ‘तीव्र चौकस’.

आता गावगाडा बघा. सरकारी सांगावा, मयताची खबर कोण न्यायचं? महार. अनवाणी, रात्री-अपरात्री. बदल्यात शिळा तुकडा. या वेठीला वतन म्हणायचे! बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं. वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तोवर बाबासाहेब गेले होते.

काम एकच, खबर पोचवायचं. फौजेत त्याला पगार, पेन्शन, छातीशी जपावा असा बिल्ला. गावात शिवी. त्या कामाला हलकं ठरवलं ते जातीनं.

म्हणून मी बिल्ल्याबरोबर माणसाची हकीकतही वहीत उतरवतो. कुठं होता, कुठली तार जोडली, घरी परतल्यावर गावानं कुठं बसवलं. हकीकतीवाचून बिल्ला म्हणजे भंगार.

तुमच्याही गावात असा म्हातारा असेल. वही घेऊन जा. उशीर करू नका.