मरून, काळी की हिरवी? लष्करी टोपीचा रंग नेमकं काय सांगतो?

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे. नागपूरचा सीताबर्डी किल्ला सर्वसामान्यांसाठी खुला होतो, तो या दिवशी. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तिथे टेरिटोरियल आर्मीची ११८ वी ग्रेनेडियर्स बटालियन आहे. तिथे जवानांसोबत सेल्फी घेताना एक गोष्ट हमखास लक्षात येते, ती म्हणजे त्यांची टोपी. या टोपीवरून जवानाबद्दल बरंच काही कळतं.

रंगांचा अर्थ काय?

एका बाजूला झुकलेल्या गोल, मऊ टोपीला 'बेरे' म्हणतात. भारतीय लष्करात मरून बेरे पॅराशूट रेजिमेंटची, काळी रणगाडा दलाची, तर लाल मिलिटरी पोलिसांची. पायदळाच्या बहुतेक रेजिमेंट गडद हिरवी, तर तोफखाना, इंजिनिअर्स आणि सिग्नल्स गडद निळी बेरे घालतात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेले जवान फिकट निळी बेरे घालतात.

महेंद्रसिंग धोनी मरून टोपीत का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. २०११ मध्ये त्याला टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला आणि त्याची बटालियन पॅराशूट रेजिमेंटची आहे.

काळाच रंग का?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश रणगाडा दलाला अडचण आली. कडांची टोपी रणगाड्याच्या अरुंद जागेत अडायची. म्हणून १९२४ मध्ये बेरे स्वीकारली गेली. रंग काळा, कारण त्यावर तेला-ग्रीसचे डाग दिसत नाहीत. सोय म्हणून आलेली टोपी पुढे अभिमानाची खूण झाली.

बिल्ला आणि तुरा

रंग सारखा असला तरी रेजिमेंट ओळखता येते ती बिल्ल्यावरून. नागपूरजवळच्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. १९४९ मध्ये उभारलेल्या या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर गरुड आहे. काही रेजिमेंट टोपीवर पिसांचा तुरा लावतात, त्याला 'हॅकल' म्हणतात. ग्रेनेडियर्सचा हॅकल पांढरा, तर एनसीसी कॅडेटचा लाल. शीख जवान बेरेऐवजी पगडी बांधतात आणि बिल्ला त्या पगडीवर लावतात.

घालण्याची रीत

बेरे डोक्यावर नुसती ठेवायची नसते. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो आणि कापड उजव्या कानाकडे खाली ओढलेलं असतं. नवी बेरे फुगीर दिसते. म्हणून ती कोमट पाण्यात भिजवून, डोक्यावर घालून आकार दिला जातो आणि तशीच वाळवली जाते.

आणखी एक नियम अनेकांना माहीत नसतो. लष्करात डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल, तर हाताने सॅल्यूट करत नाहीत. जवान सावधान स्थितीत उभा राहून मान देतो.

ब्रिगेडियर झाल्यावर काय बदलतं?

१ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्व अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरचे बिल्ले, बेल्ट आणि बूट एकसारखे करण्यात आले. या पदावरचा अधिकारी सगळ्या रेजिमेंटचा असतो, एकाच रेजिमेंटचा नाही, हा त्यामागचा विचार. वर्षानुवर्षं घातलेली आपल्या रेजिमेंटची टोपी त्यांना बाजूला ठेवावी लागते.

रीलसाठी घातली तर?

बाजारात अशा टोप्या सहज मिळतात. पण सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नाटकात किंवा चित्रपटात तशी भूमिका करणं वेगळं, कारण तिथे फसवण्याचा हेतू नसतो.

मरून बेरे मिळवण्यासाठी जवानाला कठोर प्रोबेशन पार करावं लागतं. त्यात बरेच जण गळतात. शहीद जवानाच्या अंत्यसंस्कारात तिरंग्यात लपेटलेल्या शवपेटीवर अनेकदा त्याची टोपी ठेवलेली असते. म्हणून कुणी ती केवळ लाइक्ससाठी घातली, की सैनिकांच्या घरच्यांना ते लागतं.