चोपचिनी आणि वाजीकरणाचीं बाडें : पाथरीच्या अनुषंगानें कांहीं विचार

परभणी प्रांतांतील जुन्या घरांतून जीं वैद्यकी बाडें बाहेर पडतात, त्यांत बहुधा एखाददुसरें पान असें असतें कीं, तें संग्राहक दोन बोटांनीं उचलून बाजूस ठेवितो. त्यावर धातुपुष्टीचे व वाजीकरणाचे पाक लिहिलेले असतात. खंडित पुराणाच्या पोथीस जो मान मिळतो तो या पानास मिळत नाहीं. मालकासही संकोच वाटतो, आणि कित्येकदां बाड परक्याच्या हातीं देण्यापूर्वीं तें पान फाडून टाकण्यांत येतें. आमच्या मतें ही मोठीच हानि होय. ती कशी, हें एका चिनी मुळीच्या इतिहासावरून दाखविण्याचा येथें विचार आहे. परभणी म्हणतांना आम्ही हिंगोली वेगळी होण्याआधींचा, म्हणजे १९९९ पूर्वींचा, जिल्हा धरितों.

ती मुळी म्हणजे चोपचिनी. फारसींत ‘चोब’ म्हणजे लांकूड; ‘चोबचीनी’ म्हणजे चीनचें लांकूड. लोकांच्या तोंडीं त्याचें चोपचिनी झालें. पुढें संस्कृत वैद्यांनीं तिला ‘द्वीपांतरवचा’ हें भारदस्त नांव दिलें. परंतु त्या नांवांतच ती परद्वीपांतून आल्याची कबुली आहे. चरकानें चिकित्सास्थानांत रसायनानंतर लगेच दुसरा अध्याय वाजीकरणास दिला आहे. त्यांत दूध, तूप, उडीद, कवचबीज, विदारीकंद असे पदार्थ येतात. चोपचिनीचा पत्ता नाहीं. सुश्रुतांत ती नाहीं, वाग्भटांतही नाहीं. ‘ऋषिप्रणीत चोपचिनीपाक’ असें जें कित्येक बाडांच्या मथळ्यावर लिहिलेलें असतें तें भक्तीचें लक्षण होय, इतिहासाचें नव्हे.

ही मुळी हिंदुस्थानांत केव्हां आली याविषयीं चांगला साक्षीदार उपलब्ध आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ त गोव्यास उतरला. त्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ (शके १४८५) मध्यें गोव्यासच छापला गेला. त्यांत चीनच्या मुळीवर स्वतंत्र संवाद असून ती आपल्या लोकांस १५३५ च्या सुमारास माहीत झाली असें तो सांगतो. ती कशासाठीं आली ? फिरंगरोगासाठीं. युरोपियनांबरोबर जो रोग आला त्याचाच उतारा चीनकडून त्यांच्याच गलबतांतून यावा, हा योग मौजेचा खरा.

आतां पाथरीचा संबंध. ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. त्या दरबारीं तो जात असे, आणि रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें आपण शहापासून शिकलों असें त्यानें मोकळ्या मनानें लिहिलें आहे. या निजामशाही घराण्याचें मूळ फिरिश्ता पाथरीच्या कुळकर्णी ब्राह्मणांत सांगतो. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पूर्वजांचें गांव म्हणून बुऱ्हाणशहानें ती मागितली, मिळेना म्हणून १५१८ त चालून जाऊन घेतली, आणि पुढें तेथील आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिली. मुळी पाथरीस कोणत्या बैलावर आली हें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. मुद्दा एवढाच कीं, ज्या पुरुषानें तिचें पहिलें सविस्तर वर्णन या देशांत छापविलें, त्याचा राजरोगी याच प्रांताशीं रक्तानें बांधलेला होता. गोदाकांठचा हा मुलूख म्हणजे कांहीं आडबाजू नव्हे.

मुळीची कीर्ति थोड्याच वर्षांत दिगंत झाली. पांचवा चार्ल्स बादशहा संधिवातासाठीं ती घेत असे, आणि त्याचा वैद्य वेसालियस यानें १५४६ त तिच्या काढ्यावर एक पत्ररूप ग्रंथच छापला. इराणांत इमादुद्दीन महमूद शिराझी यानें सोळाव्या शतकांतच चोबचीनीवर स्वतंत्र रिसाला लिहिला. खुद्द चीनमध्यें १५९६ त छापलेल्या ली शी-झेन याच्या वनौषधिकोशांत तिच्याच जातीची ‘थु-फु-लिंग’ ही मुळी त्याच रोगाच्या व्रणांवर सांगितली आहे. लिनियसनें १७५३ त तिला स्मायलॅक्स चायना हें शास्त्रीय नांव दिलें. आपल्याकडे भावमिश्रानें सोळाव्या शतकांत ‘भावप्रकाशां’त फिरंगरोगाचें वर्णन करून चोपचिनीचें चूर्ण मधांतून घ्यावें व मीठ वर्ज्य करावें असें सांगितलें. द्वीपांतरवचेचे गुणही तो देतो : शूल, वात, अपस्मार, उन्माद, आणि विशेषेंकरून फिरंग. यांत वाजीकरणाचें नांव नाहीं.

मग तें आलें कोठून ? ‘योगरत्नाकर’ हा ग्रंथ सतराव्या-अठराव्या शतकांत महाराष्ट्रांत रचला गेला असें मानितात. त्यांतील चोपचिनीपाक उपदंशासाठींच आहे; परंतु त्यांत पिंपळी, सुंठ, मिरें, दालचिनी, लवंग, अक्कलकारा व भरपूर साखर आहे, आणि त्याच्या फलश्रुतींत धातुक्षय हा शब्द शिरला आहे. आम्हांस वाटतें, येथेंच वळण पडलें. रोगानें व पाऱ्याच्या उपचारानें खंगलेला पुरुष पथ्य पाळून, महिनाभर गोड पाक खाऊन उठे. उठल्यावर अंगीं आलेल्या शक्तीचें श्रेय मुळीस मिळे. रोगाचें नांव चारचौघांत घेववत नसे, शक्तीचें घेववे. हकिमांच्या माजून-चोबचीनीलाही अशीच दुहेरी ख्याति आहे, आणि १९४८ पर्यंत निजामी अमलांत असलेल्या या जिल्ह्यांत वैद्य व हकीम शेजारीं शेजारीं नांदले. म्हणून येथील बाडांत ‘पाक’ व ‘माजून’ एकाच पानावर दिसल्यास नवल मानूं नये. १९४३ पासून फिरंगरोगावर पेनिसिलिन चालूं झालें व मुळीचें मूळ काम संपलें. मागें राहिली ती केवळ पौष्टिकपणाची आख्यायिका, आणि तिला आजच्या वैद्यकशास्त्राचा भक्कम आधार नाहीं.

संशोधकास यांतून कालनिर्णयाचें एक साधन मिळतें. चोपचिनीचा उल्लेख असलेलें पान शके १४५७ च्या आधींचें मानण्यास फार बळकट पुरावा लागेल. ‘यादवकालीन’ म्हणून मिरविणारें एखादें बाड या एका शब्दानें तीन शतकें खालीं ओढलें जातें. मात्र घाई करूं नये. वाजीकरणाचे योग मागाहून जोडण्याची खोड फार जुनी आहे. तेव्हां हस्ताक्षर, शाई, कागद व पत्रांक जुळतात कीं नाहींत हें आधीं पाहावें. मूळ बाड जुनें आणि चोपचिनीचें पान नवें, असेंही असूं शकेल. अमुक हजार योगांत एक शब्द पाहून सगळें बाडच नवें ठरविणें ही दुसऱ्या टोंकाची चूक.

आणखी एक सावधगिरी. आपल्या रानांतील घोटवेल ही चोपचिनीचीच जातभाई असून तिचें मूळ तिच्या ऐवजीं वापरण्यांत येतें. म्हणजे बाडांत चोपचिनी लिहिली असली तरी खलांत घोटवेलच पडली असेल. कालनिर्णयास त्यानें बाध येत नाहीं, कारण काळ सांगतो तो शब्द, मुळी नव्हे. परंतु व्यापाराच्या इतिहासासाठीं अशा बाडावरून अनुमान काढावयाचें तर पानाच्या समासांत किंमत, वजन किंवा पेठेचें नांव आहे काय तें पाहावें. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या बाजूच्या संग्राहकांस विनंति कीं, असें पान निघाल्यास तें बाडापासून वेगळें करूं नये. आणि फाटलेलें असल्यास त्याचा जो कांठ शिवणींत राहिला असेल, तोही तसाच राहूं द्यावा.