रोर्शाकला ‘छाया’ म्हणण्याआधी

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय सुचतो: अमुक ग्राफिक नॉव्हेलमधल्या पात्रांचा युंगच्या आदिबंधांच्या आधारे अभ्यास. मग वहीत एक तक्ता तयार होतो. डावीकडे पात्रं, उजवीकडे नायक, छाया, मुखवटा, ॲनिमा, ज्ञानी म्हातारा. दोन तासांत सगळी घरं भरतात आणि आपण खूश.

मी असाच तक्ता ‘वॉचमेन’वर केला होता. तो दाखवल्यावर मला एकच प्रश्न विचारला गेला: “ही घरं रिकामी राहतील असं एखादं पुस्तक सांग.” मला सांगता आलं नाही. एम.एस्सी. करून आलेल्या माणसाला हे जास्तच झोंबतं. कुठलाही नमुना घातला तरी पॉझिटिव्हच येणाऱ्या चाचणीवर प्रयोगशाळेत कोणी विश्वास ठेवेल का?

म्हणून मी तक्ता बाजूला ठेवला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली: आदिबंध ही कल्पना आली कुठून?

झुरिकच्या बुर्गह्योल्झ्ली मनोरुग्णालयात युंग १९०० साली ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली रुजू झाला. तिथे त्याने शब्द-साहचर्याचे प्रयोग केले. रुग्णाला एक शब्द द्यायचा, त्याला काय सुचतं आणि सुचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. म्हणजे सुरुवात चक्क मोजमापाने झाली होती. पुढे रुग्णांची भ्रमचित्रं आणि जुन्या पुराणकथा यांच्यातली साम्यं त्याला खुणावू लागली. आधी तो ‘आदिप्रतिमा’ म्हणायचा. ‘आर्किटाइप’ हा शब्द त्याने १९१९ मध्ये वापरला. आपल्या समीक्षेत त्यालाच आदिबंध म्हणतात.

सामूहिक नेणिवेचा पुरावा म्हणून युंग एक केस वारंवार सांगत असे. एका रुग्णाला दिसायचं की सूर्याला लिंग आहे आणि ते हललं की वारा सुटतो. मिथ्र देवतेशी जोडल्या गेलेल्या एका प्राचीन ग्रीक विधिग्रंथात जवळजवळ असंच वर्णन आहे: सूर्यापासून लोंबणारी नळी आणि तिच्यातून येणारा वारा. युंगचं म्हणणं, हा ग्रंथ १९१० मध्ये छापला गेला आणि रुग्णाचं बोलणं त्याआधीचं, मग त्याला हे कळणार कसं? गोची अशी की १९१० ची आवृत्ती दुसरी होती. पहिली १९०३ सालीच निघाली होती. रुग्ण १९०३ च्या आधीपासूनच दाखल होता, असा बचाव नंतर केला गेला. पण अशा कल्पना इतर लोकप्रिय पुस्तकांतूनही फिरत होत्या, असा आक्षेप उरतोच. आणखी एक गंमत बघा. १९११-१२ च्या लिखाणात युंगने या निरीक्षणाचं श्रेय होनेगर या तरुण सहकाऱ्याला दिलं आहे; नंतरच्या लिखाणात ते त्याचं स्वतःचं होऊन जातं. (मूळ आवृत्ती काढून बघा असं गाईड का म्हणतात, ते इथे कळतं.)

हा पेच ‘गाल्टनचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. १८८८ मध्ये टायलर यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या विवाह-चालीरीतींची तुलना मांडली, तेव्हा गाल्टन यांनी विचारलं की यातली किती उदाहरणं खरंच स्वतंत्र आहेत आणि किती एकमेकांकडून उचललेली? जीवशास्त्रवाल्यांना हे लगेच कळेल. वटवाघळाचा आणि पक्ष्याचा पंख सारखा दिसतो, पण निव्वळ दिसण्यावरून वंशावळ ठरत नाही.

आता ‘वॉचमेन’कडे या. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १२ अंक, १९८६-८७. मूरने आधी कथा आखली होती ती चार्ल्टन कंपनीची जुनी पात्रं धरून. त्यांचे हक्क डीसीने घेतले होते. पण ती पात्रं कथेत कायमची खर्ची पडतील, हे पाहून संपादक डिक जिओर्डानो यांनी नवी पात्रं बनवायला सांगितलं. रोर्शाकचे पूर्वज म्हणजे स्टीव्ह डिट्कोचे दोन सूडकरी, ‘द क्वेश्चन’ आणि ‘मिस्टर ए’. दोघंही १९६७ चे. डिट्को आयन रँडच्या विचारांचा. त्याच्या मिस्टर ए जवळ अर्धं पांढरं, अर्धं काळं कार्ड असतं. चांगलं किंवा वाईट, करडं काही नाही. रोर्शाकच्या मुखवट्यावरचे काळे-पांढरे डाग कधीच मिसळत नाहीत, त्यामागे ही वंशावळ आहे. ती न बघता त्याला ‘छाया’च्या घरात टाकलं, की मूरचं डिट्कोशी चाललेलं भांडण नजरेआडच होतं.

म्हणून युंग टाकून द्यायचा का? नाही. युंगच्या मते मुखवटा म्हणजे समाजासाठी घातलेला चेहरा. कोव्हॅक्सचं उलटं आहे. तो मुखवट्यालाच आपला चेहरा म्हणतो आणि खरा चेहरा वेषांतर म्हणून वापरतो. युंगची कल्पना माहीत असली तरच ही उलटापालट दिसते. म्हणजे पात्र घरात बसत नाही तेव्हाच ती कामाला येते. ग्रँट मॉरिसन आणि डेव्ह मॅककीन यांच्या ‘अर्कम असायलम’ची (१९८९) गोष्ट वेगळी. तिथे लेखकानेच युंग वाचून तो कथेत पेरलाय, त्यामुळे आदिबंध ‘सापडले’ असं म्हणण्यात अर्थ नाही. आपणच लपवलेली किल्ली शोधून काढण्यासारखं आहे ते. कॅम्पबेलचं नायकावरचं पुस्तक १९४९ चं. त्यानंतरच्या कुठल्याही लेखकाबाबत ही शंका घ्यावीच लागते.

आणि ज्याचं नाव या पात्राला दिलंय तो हेरमान रोर्शाकही ब्लॉयलरचाच विद्यार्थी. शाईच्या डागांची १० कार्डं त्याने १९२१ मध्ये छापली. त्याच वर्षी युंगचं व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरचं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी, ३७ व्या वर्षी रोर्शाक गेला.

‘वॉचमेन’च्या सहाव्या अंकात तुरुंगातला मानसतज्ज्ञ माल्कम लाँग कोव्हॅक्सला तीच कार्डं दाखवतो. कोव्हॅक्सला दिसतं डोकं फुटलेलं कुत्रं, पण तो सांगतो फुलपाखरू. लाँग खूश होऊन नोंद करतो. माझा तक्ता मला आठवला तो इथेच.

तुमच्याकडे प्रत असेल तर सहाव्या अंकाआधी पाचवा उघडा. पहिल्या पानावरची चौकटींची मांडणी शेवटच्या पानाशी जुळवा, दुसरं पान शेवटून दुसऱ्याशी, असं करत पान १४-१५ पर्यंत या. अख्खा अंक मधोमध घडी घातलेल्या डागासारखा आहे. माझ्या तक्त्यात याला घरच नव्हतं.