‘फॅसिझम’ : मोळी आणि कुऱ्हाड

कडक शिस्तीच्या मुख्याध्यापकापासून हट्टी संपादकापर्यंत कोणालाही ‘फॅसिस्ट’ म्हणण्याची सोय आज मराठीत झाली आहे. समीक्षेतही हा शब्द सढळपणे येतो. त्याला आक्षेप घेणारे म्हणतात की, हा परकीय शब्द आहे, येथील मातीशी त्याचा संबंध नाही. आमच्या मते शब्द उधळणारे आणि तो नाकारणारे असे दोघेही एक गोष्ट विसरतात. हा शब्द मराठीत प्रथम आला तो शिवी म्हणून नव्हे, कौतुकाचा शब्द म्हणून. आणि त्या कौतुकाच्या इतिहासात नागपूरचा वाटा आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘फास्किस’ म्हणजे लाल पट्ट्यांनी बांधलेली काठ्यांची जुडी व तीत खोचलेली कुऱ्हाड. प्राचीन रोममध्ये कॉन्सलसारख्या अधिकाऱ्यांपुढे त्यांचे सेवक ही जुडी खांद्यावर घेऊन चालत. काठ्या फटक्यांच्या शिक्षेच्या, कुऱ्हाड देहदंडाची. प्रजासत्ताकाच्या काळात मात्र एक नियम होता. रोम शहराच्या सीमेत शिरताना जुडीतून कुऱ्हाड काढून ठेवली जाई, कारण शहरात नागरिकाला अधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध जनतेकडे दाद मागण्याचा हक्क होता. संकटकाळी नेमलेल्या ‘डिक्टेटर’च्या सेवकांना तेवढी शहरातही कुऱ्हाड बाळगण्याची मुभा असे. पुढील विवेचनात वाचकांनी हा तपशील ध्यानी ठेवावा.

आधुनिक इटालियनमध्ये ‘फाशो’ म्हणजे जुडी, आणि त्यावरून संघ, जूट. हा अर्थ मुळात उजव्यांचा नव्हता. सिसिलीत १८९० नंतरच्या काही वर्षांत शेतकरी व कामगारांनी समाजवादी वळणाचे ‘फाशी’, म्हणजे संघ, उभारले. १८९४ मध्ये सरकारने लष्करी कायदा पुकारून ते मोडले. मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये आपल्या संघटनेची स्थापना केली तेव्हा त्याने हाच रुळलेला शब्द उचलला. १९२१ मध्ये तिचा पक्ष झाला, ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्ता हाती आली आणि १९२६ च्या अखेरीस इतर सर्व पक्षांवर बंदी आली. त्याच वर्षी काठ्यांची जुडी राज्याचे अधिकृत चिन्ह ठरली. या जुडीतली कुऱ्हाड शहरात शिरताना काढायची नव्हती. दाद मागण्याची जागाच उरली नव्हती.

मराठी वाचकाला मोळीची उपमा नवी नाही. एकेक काडी सहज मोडते, मोळी मोडत नाही, ही एकीच्या बळाची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहे. त्या गोष्टीत कुऱ्हाड नाही. मराठीने हा शब्द स्वीकारला तो बव्हंशी या गोष्टीच्या अर्थाने, असे आम्हास वाटते. पुण्याच्या ‘केसरी’त १९२४ पासून सुमारे दशकभर इटलीतील नव्या राजवटीविषयी अनुकूल लेखन येत राहिले. ‘केसरी’चे लंडनमधील वार्ताहर दा. वि. ताम्हनकर यांचे मुसोलिनी व फॅसिझमविषयीचे मराठी पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. विस्कळीत देश शिस्तीने उभा राहिला, हा त्या काळच्या कौतुकाचा गाभा होता. पारतंत्र्यातील सुशिक्षितांना हे चित्र का भावले हे समजणे अवघड नाही. पण तोवर पक्षबंदी होऊन गेली होती आणि ग्रामची तुरुंगात होता.

पुण्यात जे कागदावर वाचले जात होते, ते नागपूरच्या एका पुढाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन पाहिले. हिंदु महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये इटलीत थांबले. सैनिकी व शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि मुलांना लष्करी वळण देणारी ‘बालिला’ संघटना त्यांनी पाहिली. १९ मार्चला रोममध्ये ते मुसोलिनीस भेटले. हिंदू समाजाला अशा संस्थेची गरज आहे, असे त्यांनी आपल्या इंग्रजी रोजनिशीत लिहिले. नागपूरचा डॉ. हेडगेवारांचा संघ याच प्रकारचा आहे, मात्र त्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेली आहे, अशीही नोंद तेथेच आहे. पुढे १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली.

मार्झिया कासोलारी या इटालियन अभ्यासिकेने २००० साली हे कागद प्रकाशात आणले, तेव्हापासून वाद चालू आहे. संघाची स्थापना १९२५ ची, म्हणजे या दौऱ्याआधीची. तेव्हा ‘इटलीची नक्कल’ हे सूत्र मुंज्यांच्याच नोंदीपुढे टिकत नाही. क्रिस्तोफ जाफ्रलो यांच्यासारखे अभ्यासक संघाचा भर राज्यसत्तेपेक्षा समाजावर आहे, हा भेद दाखवतात. परंतु हा शब्द येथे कधी नव्हताच, हा दावाही त्याच नोंदीपुढे टिकत नाही. साम्य मुंज्यांनी स्वतः पाहिले आणि ते त्यांना भूषणावह वाटले. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही मुसोलिनीस भेटले. तथापि भेट घेणे आणि नमुना म्हणून स्वीकारणे यांत अंतर आहे.

कौतुकाची शिवी झाली ती दुसऱ्या महायुद्धात. आणि शिवी होताच ती बेहिशेबी झाली. १९४२ नंतर कम्युनिस्टांनी सुभाषबाबूंच्या अनुयायांनाही या शब्दाने झोडपले. १९७५ मध्ये आणीबाणीचे विरोधक इंदिरा गांधींना फॅसिस्ट म्हणत होते, तर भारतीय कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला तेच नाव देत होता. पूर्वी मराठीने मोळी पाहिली आणि कुऱ्हाड वगळली. आता कुऱ्हाड तेवढी उरली, तीही ज्याच्या त्याच्या हाती.

साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दाजवळ सनावळी घेऊन जावे, असे आम्हास वाटते. १९२७ च्या मराठी पानावरील ‘फॅसिझम’ आणि १९७५ च्या पानावरील ‘फॅसिझम’ यांचा अर्थ एक नव्हे. वर्तमानाविषयी बोलताना मात्र रोमच्या वेशीवरचा जुना नियम कामी येतो. संघटन, शिस्त, गणवेश, संचलन ही मोळी झाली. तेवढ्याने कोणी फॅसिस्ट ठरत नाही. मोळीत कुऱ्हाड आहे काय, आणि ज्याच्या मानेवर ती येईल त्याला दाद मागण्यास जागा उरली आहे काय, हे विचारावे लागते. हा प्रश्न कोणत्याही पक्षाला, कोणत्याही सरकारला विचारता येतो. तो विचारण्याचे कष्ट न घेता शब्द फेकला तर तो बोथट होतो. आणि परका म्हणून तो टाकून दिला, तर खरी कुऱ्हाड ओळखण्याचे एक साधन आपण हातचे घालवतो.