गावात 'हेल्थ कोच'चं काम सुरू करायचंय? उमापूर परिसरातल्या तरुण-तरुणींसाठी कामाची माहिती

गेवराई : बीपी, शुगर, वाढलेलं वजन, अंगात रक्त कमी असणं हे विषय आता गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावातही घरोघरी निघतात. गोळ्या डॉक्टर लिहून देतात. पण त्या रोज घेतल्या का, मीठ कमी झालं का, तंबाखू सुटली का, हे दर आठवड्याला येऊन विचारणारं कुणी नसतं. हे विचारणं, वहीत लिहून ठेवणं आणि माणसाला लावलेली सवय टिकवायला मदत करणं, यालाच हेल्थ कोचिंग म्हणतात. गावात त्याला आरोग्य मार्गदर्शक म्हटलं तरी चालतं.

हे काम थोड्या भांडवलात सुरू होतं, म्हणून बारावी किंवा पदवी झालेली बरीच मुलं-मुली त्याची चौकशी करतात. मात्र मोबाईलवर 'घरबसल्या कोच बना, महिना पन्नास हजार कमवा' अशा ज्या जाहिराती येतात, त्यातलं काम बहुतेक वेळा वेगळंच असतं. त्याबद्दल पुढे सांगितलंच आहे.

शेजारच्या जामखेडला काय झालं

आष्टी-पाटोद्याला लागूनच असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या नर्सबाईंनी खेड्यात राहून काम करावं, हा सुरुवातीचा प्रयत्न जमला नाही. मग गावाने निवडून दिलेल्या गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या होत्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावात परत जाऊन घरोघर सांगायच्या. बाळाचं वजन, गरोदर बाईची तपासणी, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी, पिण्याच्या पाण्याची स्वच्छता अशा साध्या गोष्टींवर त्यांचा भर होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेडचं काम बघायला देशोदेशीची माणसं येऊ लागली.

व्यवसाय करायचा म्हणणाऱ्याने यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या बायकांचं पोट आरोग्याच्या कामावर नव्हतं. शेती, शेळ्या, छोटा धंदा यातून त्यांचं घर चालावं अशी मदत प्रकल्पाने केली. त्यामुळे गोळी किंवा इंजेक्शन खपवायची गरज त्यांना कधी पडली नाही आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला. उमापूरला कुणी हे काम सुरू करणार असेल तर पहिलं वर्षभर तरी दुसरी कमाई चालू ठेवावी. शिवणकाम, दुकान, क्लास, शेती, काहीही चालेल. पहिल्या महिन्यापासून याच कामावर घर चालवायचं म्हटलं की माणूस पावडरच्या डब्याकडे वळतोच.

काय करता येतं, काय नाही

वजन करणं, कंबर मोजणं, डिजिटल मशीनवर बीपी बघून लिहून ठेवणं, आहार-व्यायामाची सर्वसाधारण माहिती देणं, डॉक्टरांच्या तारखेची आठवण करणं, सोबत दवाखान्यात जाणं, एवढं करता येतं.

रोगाचं निदान, गोळी देणं, चालू गोळी कमी-जास्त करायला सांगणं, सलाईन, इंजेक्शन यातलं काहीही करता येत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. 'शुगर आता नॉर्मल आहे, गोळी बंद करा' हे वाक्यसुद्धा कोचने बोलायचं नसतं. पाटीवर 'आहारतज्ज्ञ' लिहायलाही त्या विषयाचं रीतसर शिक्षण लागतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आहे.

जाहिरात करताना तर फारच जपावं. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, कर्करोग, लकवा असे आजार बरे करतो अशी औषधाची किंवा उपायाची जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. छापील पत्रकच नाही, तर तोंडी पुकाराही या कायद्यात जाहिरात धरला आहे. म्हणजे रिक्षावर भोंगा लावून 'शुगर मुळापासून घालवा' म्हणणंही त्यात येतं. व्हॉट्सॲप स्टेटसलाही हाच नियम लावून चालावं. 'बीपी-वजनाची साप्ताहिक नोंद, आहार-व्यायाम मार्गदर्शन' एवढंच लिहिलं तरी गिऱ्हाईक येतं.

पावडरच्या डब्याचं काय

गावाकडे 'वेलनेस कोच' म्हणून जो फिरतो त्याच्या पिशवीत बरेचदा शेकची पावडर असते. आधी स्वतः डबे घ्यायचे, मग खाली माणसं जोडायची, त्यांनी डबे घेतले की कमिशन मिळतं, असा तो धंदा असतो. थेट विक्रीसाठी केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये नियम काढले. सभासद होण्यासाठी पैसे मागता येत नाहीत, आणि नुसती माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या पिरॅमिड योजनेला बंदी आहे. कुणी 'जॉइनिंग'चे पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिरावं.

कायद्यापलीकडेही हिशोब आहेच. दोन हजारांच्या डब्याच्या पैशात गावात अडीचशेच्या आसपास अंडी येतात, नाहीतर घरभर पुरेल इतके शेंगदाणे, हरभरे आणि मूग येतात. ज्याला कोच म्हणून टिकायचंय त्याने विक्री आणि सल्ला एकत्र करू नये. विकणाऱ्याचा सल्ला गावाला बरोबर कळतो. लाडू, पीठ, चटणी असं काही बनवून विकायचंच असेल तर त्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते.

सामान किती लागतं

दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन दीड ते अडीच हजारांत मिळतं. मनगटाचं मशीन घेऊ नये, त्याचा आकडा चुकायची शक्यता जास्त. वजनकाटा हजारापर्यंत, शिंप्याची टेप वीस-तीस रुपये, दोन जाड वह्या. पाच हजारांत सुरुवात होते. मुद्रा योजनेत शिशू गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं हे खरं, पण या कामाला कर्ज काढायची गरज नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. भाड्याचा गाळा घ्यायचाच असेल तर २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्याने फक्त ऑनलाइन कळवायचं असतं.

बीपी मोजायची पद्धत मात्र पक्की पाहिजे. माणूस रानातून आला की लगेच पट्टा बांधायचा नाही. अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहायचे. वेगवेगळ्या दिवशी आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिला तर डॉक्टरकडे पाठवायचं. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर शुगर-बीपीचा धोका वाढतो, असं भारतीयांसाठीचं माप आहे.

सुरुवात कुठून करायची

पहिली भेट आशाताईंची आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची. आशा योजना २००५ पासून आहे आणि गावातलं कोणतं घर कसं आहे हे आशाताईंना जितकं माहीत तितकं कुणालाच नाही. त्यांचं काम मोफत आहे, ते काढून घेऊन विकायचं नाही. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, हे कोचने गिऱ्हाइकाला आपणहून सांगावं. रक्ताची तपासणी तिथेच होऊ द्यावी, घरी सुया टोचत बसू नये.

मग ओळखीतली दहा माणसं निवडून महिनाभर विनामूल्य काम करून बघावं. पहिल्या बैठकीत उपदेश नको, नुसतं विचारावं. दिवसात चहा किती? आठ. कपात साखर किती? दोन चमचे. म्हणजे दिवसाला सोळा चमचे, साधारण ६५ ग्रॅम, महिन्याला दोन किलोच्या घरात. हा आकडा त्या माणसाला स्वतःलाच काढू द्यावा. कोचने सांगितलेलं विसरतं, स्वतः मोजलेलं डोक्यात राहतं. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा. आपल्याकडे भाकरीच्या पिठात मीठ, वर ठेचा, लोणचं, पापड. भाजीत मीठ कमी केलं आणि लोणच्याची फोड दुप्पट झाली तर फरक पडत नाही.

एका माणसाला एका वेळी एकच बदल द्यावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, मेथी, अंबाडी, शेंगा हे गावचं जेवण वाईट नाहीच. ओट्स आणि ॲव्होकॅडोचे तक्ते छापून वाटणारा कोच उमापुरात चार दिवस टिकणार नाही. रानात राबणाऱ्या बाईला 'रोज चाला' सांगणंही हास्यास्पद आहे, तिला विश्रांती आणि डाळ-अंडं सांगायला हवं. चालायला सांगायचं ते दुकानात, ऑफिसात, गाडीवर बसून राहणाऱ्यांना. त्यांच्यासाठी आठवड्याला १५० मिनिटं हे माप आहे. तंबाखू-मिसरी सोडणाऱ्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लिहून द्यावा.

कुणाचा बीपी किती, कुणाची पाळी कशी, हे गावाच्या ग्रुपवर कधीच जाऊ नये. 'आधी-नंतर'चे फोटोही लेखी होकाराशिवाय नकोत. एकदा गोष्ट पारावर गेली की पुढच्या घराचं दार उघडत नाही.

पैसे कोण देणार

सल्ल्याला गावात पैसे मिळत नाहीत, हे धरूनच चालावं. फेरीला आणि नोंदीला मिळतात. सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याला, संभाजीनगरला नोकरी करणारी गावची पोरं. आई-बाप गावात एकटे असतात, फोनवर 'बरंय बरंय' म्हणतात. दर आठवड्याला घरी जाऊन बीपी, वजन, गोळ्यांची मोजणी करून मुलाला निरोप पाठवायचा, याचे महिन्याला ३०० रुपये द्यायला अशी घरं तयार होऊ शकतात. वीस घरं झाली तर सहा हजार. दुसरा मार्ग बचत गटाचा. बारा बायकांची बारा आठवड्यांची तुकडी, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे ७,२००. पेट्रोल आणि रिचार्ज वजा केलं तर हे जोडधंद्याचं उत्पन्न आहे, पगार नाही. गावात उधारी होतेच, म्हणून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत.

कोयता गेल्यावर

बीड जिल्ह्यात हा व्यवसाय करणाऱ्याला हंगामाचा हिशोब ठेवावाच लागतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परत यायला उन्हाळा उजाडतो. तेवढे महिने घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. जाणाऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मध्येच तुटतात. म्हणून निघण्याआधी सरकारी दवाखान्यातून जमेल तितक्या दिवसांच्या गोळ्या, जुन्या कागदांचा मोबाईलमध्ये फोटो आणि महिन्यातून दोन फोन, एवढं कोचने बांधून घ्यावं. याचे पैसे उचल मिळते तेव्हाच मागावेत.

याच मजूर बायकांच्या बाबतीत कोचचा सगळ्यात मोठा कस लागतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचा आकडा आला. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहातली एक. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त अंगावर जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या, खाड्याच्या भीतीने घायकुतीला आलेल्या बायका त्यात होत्या. पेशंट पाठवला की 'कट' देणारी दुकानं आजही कोचला गाठतील. लॅब असो, मेडिकल असो की दवाखाना, एकही रुपया घ्यायचा नाही. 'पिशवी काढा' असं कुणी सांगितलं तर आधी गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला बाईसोबत जायचं. त्या दिवशीची फी बुडाली तरी चालेल.

शिक्षण

इग्नूचा सहा महिन्यांचा अन्न व पोषण प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. योग शिकवायचा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन 'सर्टिफाइड कोच' कोर्सला हजारो रुपये मोजण्यापेक्षा हे बरं.

लगेच दवाखान्यात न्यायच्या खुणा

छातीत दाब किंवा कळ, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, धाप, शुद्ध हरपणं, गरोदर बाईला डोकेदुखीसह अंगावर सूज किंवा रक्त जाणं, वारंवार १८०/१२० च्या पुढे बीपी. यात लिंबू-पाणी, घरगुती काढा, वाट बघणं काही नको. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४, मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६. हे तिन्ही क्रमांक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावेत.